रक्त घेण्याचे काम शिकायचे असेल तर : पांढुर्णा-सौंसरच्या मुलामुलींसाठी आणि पालकांसाठी

बारावीचे निकाल लागले की मंडळातल्या जाणत्या माणसांना दरवर्षी तोच प्रश्न विचारला जातो. मुलीने बायोलॉजी घेतले आहे, नीटचे काही जमले नाही, घरी संत्र्याची बाग किंवा चार एकर कापूस आहे, फार दूर पाठवायची ऐपत नाही. तर आता काय करावे? अलीकडे या प्रश्नाला एक उत्तर आपल्या भागात वारंवार ऐकू येते : "लॅबचा कोर्स करू दे." त्यातही "सहा महिन्यांत रक्त काढायला शिकवतो, नोकरी पक्की" असे सांगणारे फलक बसस्टँडजवळ दिसू लागले आहेत. मी स्वतः अनेक वर्षे नागपुरातल्या प्रयोगशाळेत काम केले आहे. म्हणून या कामात नेमके काय असते, ते कुठे आणि कसे शिकावे, आणि फी भरण्याआधी काय बघावे, हे सभासदांसाठी सविस्तर लिहीत आहे.

या कामाला फ्लेबॉटॉमी म्हणतात. शब्द ग्रीक आहे. शीर आणि छेद या दोन शब्दांपासून झालेला. काम मात्र आपल्याला परके नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शिरावेधावर आख्खा अध्याय आहे, आणि जळवा लावणारे, तुंबडी लावणारे लोक आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिलेले आहेत. फरक एवढाच की तेव्हा रक्त काढून टाकणे हा उपचार होता. आज ते काढतात ते तपासण्यासाठी, आणि तपासणीवर पुढचा उपचार ठरतो. म्हणून नमुना चुकला तर उपचारही चुकतो.

पालकांना वाटते सुई टोचणे हेच सारे कौशल्य. ते आहेच, पण त्याच्या आधीचा आणि नंतरचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. प्रयोगशाळेच्या अहवालात ज्या चुका होतात त्यांचा मोठा वाटा नमुना यंत्रात जाण्याच्या आधीच घडलेला असतो. यंत्रे आता चांगली आहेत. चूक होते ती खुर्चीजवळ.

पहिली गोष्ट नाव. समोर बसलेल्या बाईंना "तुम्ही कमलाबाई ना?" असे विचारले तर ऐकू कमी येणारी म्हातारी बाई "हो" म्हणते, मग ती शांताबाई असली तरी. म्हणून शिकवताना पहिल्या दिवसापासून सांगतात की नाव सांगायचे नाही, विचारायचे. "तुमचे पूर्ण नाव काय? वय किती? गाव कोणते?" आणि ते कागदाशी ताडून बघायचे. आपल्या भागात याला आणखी महत्त्व आहे. एका गावात एकाच आडनावाची निम्मी घरे असतात, लग्न झालेल्या बाईचे आधार कार्डावर माहेरचे नाव आणि चिठ्ठीवर सासरचे नाव असते, आणि मराठीत सांगितलेले नाव हिंदी किंवा इंग्रजीत लिहिताना वेगळेच होऊन बसते. नळीवर चिठ्ठी लावायची ती रक्त घेतल्यानंतर, रुग्णासमोर, तो उठून जाण्याआधी. रिकाम्या नळ्यांवर आधीच नावे लिहून रांगेत ठेवण्याची सवय काही ठिकाणी दिसते. वेळ वाचतो खरा, पण दोन नळ्यांची अदलाबदल होण्याचा सगळ्यात सोपा रस्ता तोच आहे.

रक्तगट आणि रक्त जुळवण्याच्या तपासणीत अशी अदलाबदल जिवावर बेतते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीवर गोटमार होते तेव्हा पांढुर्णा आणि सावरगाव दोन्हीकडचे लोक डोकी फुटलेल्या अवस्थेत उपचाराला येतात, गंभीर असतील त्यांना नागपूरला हलवतात. अशा गर्दीत घाईत घेतलेल्या नमुन्यावर चुकीचे नाव पडले आणि त्यावरून रक्त चढवले गेले, तर न जुळणाऱ्या गटाच्या काही मिलीलिटर रक्तानेही माणूस दगावू शकतो. गोटमार व्हावी की न व्हावी हा वाद इथे नको, पण त्या दिवशी दवाखान्यात शांत डोक्याचा, शिकलेला हात असावा हे दोन्ही काठांवरच्या लोकांना पटेल.

दुसरी गोष्ट म्हणजे विचारपूस. "उपाशीपोटी आलात का?" असे विचारले की आपल्याकडची माणसे म्हणतात, "हो, काहीच नाही खाल्ले, फक्त चहा घेतला." साखरेचा कप पोटात गेलेला असतो. त्याहून गमतीचा घोळ उपवासाचा. "उपवास आहे का?" असे विचारले तर एकादशीची बाई आनंदाने "हो" म्हणते आणि सकाळी साबुदाण्याची खिचडी खाऊन आलेली असते. म्हणून प्रश्न असा हवा : "रात्री जेवल्यानंतर पाण्याशिवाय काही तोंडात गेले का?" हे कुठल्याही इंग्रजी पुस्तकात लिहिलेले नाही. इथे आपल्या मुलांना खरोखरच एक फायदा आहे. मराठी, हिंदी आणि गावाकडची बोली या तिन्हींत ती सहज बोलतात, आणि सीमेवरच्या दवाखान्यात हे फार उपयोगी पडते.

मग येते शीर शोधणे. नवशिके डोळ्याने शोधतात, सरावलेले बोटाने. कोपराच्या आतल्या बाजूला मध्यभागी जी शीर असते ती सगळ्यात सोयीची. आतल्या कडेची शीर दिसायला ठसठशीत असली तरी तिच्याजवळून धमनी आणि मज्जातंतू जातात, म्हणून ती शेवटचा पर्याय. दंडाला पट्टा बांधायचा तो टोचायच्या जागेच्या चार बोटे वर, आणि मिनिटभराच्या आत सोडायचा. जास्त वेळ ठेवला तर रक्तातले काही घटक खोटे वाढलेले दिसतात. मूठ वारंवार उघडझाप करायला सांगणे ही जुनी सवयही चुकीची. त्याने पोटॅशियम वाढलेले येते. स्पिरिट लावल्यावर ते वाळू द्यायचे, फुंकर मारायची नाही, आणि पुसलेल्या जागेला पुन्हा बोट लावायचे नाही. सुई साधारण तीस अंशांच्या आत, तिरकी. सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त घ्यायचे नाही, नाहीतर रुग्णाच्या रक्ताऐवजी सलाईनचाच अहवाल येतो. दोनदा प्रयत्न करून शीर मिळाली नाही तर थांबायचे आणि दुसऱ्या सहकाऱ्याला बोलवायचे. हे शेवटचे वाक्य काही मुलांना जड जाते. विशेषतः मुलगे तिसऱ्यांदा टोचायला निघतात.

टोचताना चक्कर येऊन पडतात ते म्हातारे नव्हेत, तर बहुधा धट्टेकट्टे तरुण, हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटते. हाताची खुर्ची असावी आणि "आधी कधी असे झाले होते का?" हे विचारून घ्यावे. होय म्हणाला तर सरळ आडवे झोपवून रक्त घ्यावे.

नळ्यांच्या रंगांविषयी थोडे सांगितलेच पाहिजे, कारण मुलाखतीत हमखास विचारतात. निळ्या झाकणाच्या नळीत सायट्रेट असते, गोठण्याच्या तपासणीसाठी. ती खुणेपर्यंत भरावीच लागते, कारण नऊ भाग रक्ताला एक भाग द्रव असे प्रमाण ठरलेले आहे. लाल किंवा पिवळ्या झाकणात रक्त गोठू देतात. हिरव्यात हेपॅरिन, जांभळ्यात ईडीटीए, राखाडीत साखर टिकवण्यासाठी फ्लोराइड. एकाच वेळी अनेक नळ्या भरायच्या असतील तर क्रमही हाच : निळी, लाल-पिवळी, हिरवी, जांभळी, राखाडी. जांभळी आधी भरून मग लाल भरली आणि ईडीटीएचा अंश पुढच्या नळीत गेला तर पोटॅशियम खोटे वाढते आणि कॅल्शियम खोटे घटते. डॉक्टर मग नसलेल्या आजाराच्या मागे लागतात. जांभळी नळी आठ-दहा वेळा हळुवार उलटसुलट करायची, जोरात हलवायची नाही.

आणि ऊन. मे महिन्यात आपल्याकडचा पारा कुठे जातो हे सांगायला नको. साध्या नळीत ठेवलेल्या रक्तातली साखर पेशी खात राहतात, दर तासाला सुमारे पाच ते सात टक्के, आणि उन्हाळ्यात त्याहून भरभर. खेड्यातून घेतलेला नमुना मोटारसायकलच्या डिकीत दुपारभर फिरून शहरात पोचला, तर मधुमेह असलेल्या माणसाची साखर कागदावर छान दिसते आणि गोळी कमी केली जाते. म्हणून थंड पेटी लागते. पण नळी थेट बर्फाला टेकवली तर पेशी फुटतात आणि नमुना वाया जातो. घरी जाऊन रक्त घेण्याचे काम आपल्या गावांतही वाढणार आहे, आणि त्यात ही पेटी सांभाळणे सुई सांभाळण्याइतकेच महत्त्वाचे.

सिकल सेल आणि आपला भाग

या कामाची खरी गरज आपल्याकडे कुठे आहे असे कुणी विचारले तर मी सिकल सेलचे नाव घेईन. विदर्भ आणि त्याला लागून असलेले मध्यप्रदेशाचे जिल्हे हा या आनुवंशिक आजाराचा पट्टा आहे. तो फक्त आदिवासी समाजात आहे असा समज आहे. इतर अनेक समाजांतही तो आढळतो. १ जुलै २०२३ रोजी मध्यप्रदेशातल्याच शहडोल येथून राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचे निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट ठरवले आहे. एवढी तपासणी करायची म्हणजे एवढी बोटे टोचायला आणि शिरा शोधायला माणसे हवीत.

प्राथमिक चाचणी बोटाच्या थेंबावर होते, पक्के निदान जांभळ्या नळीतल्या रक्तावर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसने. इथे रक्त घेणाऱ्याने दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवले होते का? चढवले असेल तर दुसऱ्याचे रक्त मिसळल्याने अहवाल फसवा येऊ शकतो. आणि बाळ असेल तर वय किती? सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन बरेच असते, त्यामुळे साधी विद्राव्यता चाचणी आजार असूनही निर्दोष दाखवू शकते. या दोन ओळी चिठ्ठीवर लिहिल्या गेल्या नाहीत तर पुढे तज्ज्ञही काही करू शकत नाही. सिकलच्या रुग्णाला लहानपणापासून इतक्यांदा टोचलेले असते की शिरा कडक होऊन जातात. अशा मुलाच्या हातातून एका प्रयत्नात रक्त घेणारी मुलगी त्या घराला देवासारखी वाटते, हे मी पाहिले आहे.

आणखी एक : अहवालात काय आले हे रक्त घेणाऱ्याने कुणालाही सांगायचे नसते. आपली गावे लहान. लग्न जुळवण्याच्या वेळी "त्यांच्या घरी सिकल आहे म्हणे" ही बातमी एका वाक्याने पसरते. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ च्या कायद्याने तपासणीआधी संमती घेणे आणि गुप्तता पाळणे बंधनकारकच केले आहे.

कोणता कोर्स?

आता पैशाचा प्रश्न. ढोबळमानाने तीन वाटा आहेत.

सगळ्यात लहान वाट म्हणजे काही महिन्यांचे फ्लेबॉटॉमीचे प्रमाणपत्र. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलने या कामासाठी राष्ट्रीय कौशल्य चौकटीत पात्रता ठरवून दिलेली आहे, आणि सरकारी कौशल्य योजनांत असे वर्ग कधीकधी मोफतही चालतात. या प्रमाणपत्रावर खाजगी प्रयोगशाळेच्या संकलन केंद्रात किंवा घरी जाऊन नमुने घेण्याच्या कामात शिरता येते. सुरुवातीचा पगार मोठा नसतो, आणि बढती लवकर अडते. घरची लगेच कमाईची गरज असेल तर वाट वाईट नाही. मात्र संस्था स्वतःच छापलेले प्रमाणपत्र देणार आहे की कौशल्य परिषदेची परीक्षा होऊन मिळणार आहे, हे आधी विचारा. पहिल्याला बाजारात किंमत नाही.

दुसरी वाट डीएमएलटी, दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम, बारावी विज्ञान जीवशास्त्रासह झाल्यावर. माझे मत विचाराल तर आपल्या भागातल्या बहुतेक मुलांसाठी हीच योग्य. मध्यप्रदेशात अशा निमवैद्यकीय अभ्यासक्रमांची मान्यता आणि नोंदणी भोपाळच्या सह-चिकित्सीय परिषदेकडे आहे. कर्मचारी चयन मंडळ समूह-५ ची जी परीक्षा घेते, त्यात सरकारी दवाखान्यांतली लॅब टेक्निशियनची पदे भरली जातात, आणि त्याला डीएमएलटीसोबत परिषदेची नोंदणी लागते. सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रावर ते दार उघडत नाही. पांढुर्णा ऑक्टोबर २०२३ पासून स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यातच आले. जिल्हा झाला की आज ना उद्या दवाखान्याच्या खाटा आणि पदे वाढतात. त्या पदांवर बाहेरची मुले येण्यापेक्षा आपली बसावीत.

तिसरी वाट पदवीची, बीएमएलटी. वेळ आणि पैसा असेल तर जरूर, कारण मोठ्या रुग्णालयांत आता पदवीधर मागतात. २०२१ च्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यानंतर या सगळ्या क्षेत्राचे नियम देशभर एकसारखे करण्याचे काम चालू आहे, त्यामुळे पुढे पदवीचे वजन वाढेल.

इथे सीमेवरच्या माणसांची जुनी अडचण आडवी येते. १९५६ पर्यंत नागपूर आपल्या प्रांताची राजधानी होती. राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा मध्यप्रदेशात राहिला. आजही आजारी पडलो की आपण मेयो, मेडिकल किंवा मिहानजवळच्या एम्सकडेच बघतो, म्हणून मुलाला शिकायलाही नागपूरलाच पाठवावे असे वाटणे स्वाभाविक आहे. पण मराठी बोलतो म्हणून महाराष्ट्राच्या कोट्यातून प्रवेश मिळत नाही. कर्नाटकातल्या वादग्रस्त ८६५ गावांतल्या मुलांना महाराष्ट्रात काही जागांची सवलत आहे. पांढुर्णा-सौंसरला ती नाही. मध्यप्रदेशाच्या जातीच्या दाखल्यावर महाराष्ट्रातल्या राखीव जागेवर हक्क सांगता येत नाही. नागपूरच्या खाजगी संस्थेत पैसे भरून शिकणे शक्य आहे, पण तिथली पदविका भोपाळच्या परिषदेत नोंदली जाईल का, हे प्रवेशाच्या आधी परिषदेकडूनच लेखी विचारून घ्या. उलट दिशेनेही तसेच : इकडे शिकून नागपुरात नोकरी करायची तर महाराष्ट्राच्या परिषदेकडे वेगळा अर्ज करावा लागू शकतो. छिंदवाड्याला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. घरून लांब वाटले तरी मध्यप्रदेशात नोकरी करायची असेल तर राज्यातच शिकण्यात कागदपत्रांची कटकट कमी.

संस्था निवडताना इमारत आणि संगणक बघून भुलू नका. मध्यप्रदेशात नर्सिंग कॉलेजांच्या मान्यतेत एवढे गैरप्रकार निघाले की उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयला चौकशी करावी लागली. कागदावर रुग्णालय होते, जागेवर नव्हते. लॅबच्या कोर्सलाही हीच कसोटी लावा. कोणत्या रुग्णालयात प्रत्यक्ष काम शिकवणार, तिथे रोज किती रुग्ण येतात, आणि शेवटच्या परीक्षेपर्यंत विद्यार्थ्याच्या हातून खऱ्या माणसांचे किती नमुने घेतले जातात व त्याची नोंदवही असते का, हे विचारा. शक्य असेल तर त्या रुग्णालयात सकाळी आठ वाजता स्वतः जाऊन उभे राहा. रांग दिसली तर शिक्षण आहे. रबराच्या हातावर सुरुवात करणे बरोबरच, पण रबराचा हात घाबरत नाही, रडत नाही आणि त्याची शीर सरकत नाही. मागच्या दोन वर्षांच्या विद्यार्थ्यांशी बोला. संस्थेने नावे द्यायला टाळाटाळ केली तर तुम्हाला उत्तर मिळाले.

एक गैरसमज इथेच दूर करतो. "दोन वर्षे शिकला की पोरगा स्वतःची लॅब टाकेल" असे बरेच पालक धरून चालतात. २०१७ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की पॅथॉलॉजीच्या अहवालावर त्या विषयातली पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी. टेक्निशियनने स्वतः सही करून अहवाल देणे कायद्यात बसत नाही. डॉक्टरच्या हाताखाली संकलन केंद्र चालवणे वेगळे. शेत गहाण ठेवून यंत्र घेण्याआधी हा फरक समजून घ्या.

शेवटी मुलांच्या स्वतःच्या सुरक्षिततेचे, कारण याविषयी फी घेणारे फारसे बोलत नाहीत. वापरलेल्या सुईवर टोपण पुन्हा चढवायचे नाही. बहुतेक इजा तेव्हाच होतात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे सुई पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, सुई काढलेली प्लास्टिकची सिरिंज लाल पिशवीत. सुई टोचलीच तर जखम पिळायची नाही, साबणाने वाहत्या पाण्यात धुवायची आणि लगेच वरिष्ठांना सांगायचे. एचआयव्हीपासून बचावाची औषधे शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. बोलणी बसतील म्हणून लपवणारी मुलेच अडचणीत येतात, हे घरूनच सांगून पाठवा. त्याहून मोठा धोका हिपॅटायटिस बीचा आहे. लस न घेतलेल्या माणसाला बाधित सुई टोचली तर संसर्गाची शक्यता तीस टक्क्यांपर्यंत असते, आणि याची चांगली लस उपलब्ध आहे. तिचे तीन डोस असतात : पहिला, एका महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. संस्था लस देत नसेल तर प्रवेशाचा फॉर्म भरला त्याच आठवड्यात पहिला डोस स्वतः घेऊन टाका, म्हणजे रुग्णालयातला सराव सुरू होईपर्यंत निदान दोन डोस झालेले असतील.